जिनिव्हाचा करारनामा आणि मुरबाडची वीटभट्टी : आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेतील भारतीय प्रतिनिधींचा देशांतर्गत धोरणावरील प्रभाव

प्रस्तावना

राष्ट्राच्या सीमेपलीकडील सभागृहात बसणारा प्रतिनिधी आपल्या देशाचे धोरण कितपत घडवू शकतो, हा प्रश्न राज्यशास्त्रात बहुधा युरोपीय संसदेच्या संदर्भात विचारला जातो. जून १९७९ पासून या संसदेचे सदस्य थेट मतदानाने निवडले जातात, आणि त्यांच्या संमतीने निघालेले निर्देश सदस्य राष्ट्रांना आपापल्या कायद्यांत उतरवावे लागतात. भारत अशा कोणत्याही संघाचा घटक नाही. त्यामुळे हा विषय आपल्याकडे परक्या राज्यव्यवस्थेचा म्हणून शिकविला जातो आणि परीक्षेपुरता लक्षात राहतो.

वस्तुतः भारतीय प्रतिनिधी १९१९ पासून राष्ट्रातीत स्वरूपाच्या एका सभागृहात बसत आले आहेत. ते सभागृह म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची वार्षिक श्रमपरिषद होय. तिला विधिमंडळ म्हणणे काटेकोर अर्थाने योग्य ठरणार नाही, परंतु तिची रचना विधिमंडळाच्या बरीच जवळची आहे. प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी असतात : दोन सरकारचे, एक मालकांचा व एक कामगारांचा. राजदूतांच्या परिषदेत देशाचे मत एकच असते, येथे मात्र चारही प्रतिनिधी स्वतंत्रपणे मत देतात, आणि कामगार प्रतिनिधी आपल्याच सरकारविरुद्ध हात वर करू शकतो. दोन-तृतीयांश बहुमताने करारनामा संमत होतो. तो आपोआप बंधनकारक होत नाही. मात्र सरकारला तो एका वर्षाच्या, अपवादात्मक परिस्थितीत अठरा महिन्यांच्या, आत देशातील सक्षम विधिसंस्थेपुढे ठेवावा लागतो. अनुसमर्थन करावे की नाही हे देश ठरवितो, पण विषय दडपून ठेवण्याची सोय राहत नाही.

या परिषदेत गेलेल्या भारतीयांपैकी मुंबई इलाख्यातील दोन मराठी प्रतिनिधी, ना. म. जोशी व शामराव परुळेकर, यांच्या कार्याच्या आधारे प्रस्तुत लेखात प्रभावाच्या या प्रश्नाची चर्चा केली आहे. तिचे दुसरे टोक ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, मुरबाड-शहापूर परिसरात, येऊन पोहोचते.

मोजमापाची अडचण

प्रभाव मोजायचा कसा, याबाबत युरोपचा अनुभव बोधक आहे. युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक दलोर यांनी १९८८ मध्ये संसदेपुढे असे भाकीत केले होते की, दहा वर्षांत आर्थिक क्षेत्रातील ऐंशी टक्के कायदे युरोपीय उगमाचे असतील. हे भाकीत पुढे वस्तुस्थिती म्हणूनच उद्धृत होत राहिले. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या ग्रंथालयाने २०१० मध्ये या प्रश्नाचा शोध घेतला, तेव्हा मोजण्याची पद्धत बदलली की प्रमाण १५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत कोठेही दाखविता येते, असे आढळले. कायद्यांची संख्या मोजावी की त्यांचे वजन, उगम मोजावा की परिणाम, यांवर उत्तर अवलंबून असते.

भारताच्या बाबतीत अनुसमर्थित करारनाम्यांची यादी करून प्रभाव सांगण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. काही करारनामे अनुसमर्थित होऊनही कागदावर राहिले, आणि काहींचे अनुसमर्थन न होताही त्यांतील कल्पना कायद्यात आली. पुढील उदाहरणांत दोन्ही प्रकार दिसतील.

वॉशिंग्टन, १९१९

पहिली श्रमपरिषद २९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टन येथे भरली. भारत पारतंत्र्यात असूनही संस्थापक सदस्य होता, ही त्या काळातील एक विलक्षण घटनात्मक विसंगती होती. सरकारतर्फे लुई कर्शा व अतुल चटर्जी, मालकांतर्फे अलेक्झांडर मरे आणि कामगारांतर्फे नारायण मल्हार जोशी असे शिष्टमंडळ गेले. मद्रासचे कामगार नेते बी. पी. वाडिया जोशींचे सल्लागार होते. जोशी (१८७९-१९५५) मूळचे कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. भारत सेवक समाजाचे सदस्य असलेल्या जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली होती व गिरणगावाशी त्यांचा निकटचा परिचय होता.

या परिषदेने सहा करारनामे संमत केले. आठ तासांचा दिवस व अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा हा त्यांतील पहिला. भारताला मात्र त्यात सवलत मिळाली व येथील मर्यादा आठवड्याला साठ तासांची ठरली. औद्योगिक विकास अपुरा असलेल्या देशांसाठी वेगळी तरतूद करण्याची मुभा व्हर्सायच्या तहातच होती. कामावर ठेवण्याच्या किमान वयाबाबतही इतर देशांसाठी चौदा वर्षांचा नियम झाला, तर भारतासाठी, तोही ठराविक आस्थापनांपुरता, बारा वर्षांचा.

आज या सवलती अपमानास्पद वाटतात. तथापि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषाला दिवसाचे बारा तास राबविता येत होते आणि नऊ वर्षांचे मूल कामावर घेता येत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. करारनामे १९२१ च्या आरंभी केंद्रीय विधिमंडळापुढे आले, कामाच्या तासांविषयीचा करारनामा त्याच वर्षी जुलैमध्ये अनुसमर्थित झाला, आणि १९२२ च्या दुरुस्तीने आठवड्याला साठ व दिवसाला अकरा तासांची मर्यादा तसेच बारा वर्षांचे किमान वय कायद्यात आले. तीन वर्षांच्या आत परिषदेतील मजकूर भारतीय कायद्यात उतरला होता.

याचे श्रेय वॉशिंग्टनला द्यावे काय? येथे घाई करता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत जानेवारी १९१९ मध्ये प्रचंड संप झाला होता व १९२० च्या आरंभी दुसरा. या दुसऱ्या संपानंतर मुंबईतील गिरण्यांनी दहा तासांचा दिवस मान्य केला, आणि एकदा आपण तो मान्य केल्यावर अहमदाबाद वा अन्य ठिकाणचे प्रतिस्पर्धी बारा तास गिरणी चालवू शकू नयेत म्हणून मुंबईच्या मालकांनी स्वतःच व्हाइसरॉयकडे देशव्यापी कायद्याची मागणी केली. म्हणजे कायद्यामागे संपकऱ्यांचा दाब होता, मालकांचा हिशेब होता आणि करारनामाही होता. करारनाम्याने केले ते एवढेच की, विषय केव्हा विधिमंडळात यावा हे सरकारच्या मर्जीवर राहिले नाही. पारतंत्र्यातील देशाला ही लहान गोष्ट नव्हती.

त्यातही निर्णायक ठरली ती जोशींची दुहेरी भूमिका. १९२१ पासून ते कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी म्हणून केंद्रीय विधिमंडळात बसू लागले. ज्या मजकुरावर त्यांनी परदेशी मत दिले होते तोच मजकूर दिल्लीत आला, तेव्हा त्याचा अर्थ सांगणारा माणूस सभागृहात हजर होता. कामगार संघांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा कायदा करावा, असा ठराव त्यांनी १ मार्च १९२१ रोजी मांडला. त्याआधी मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरणीच्या प्रकरणात वाडिया यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयाचा मनाई हुकूम निघाला होता, आणि संघ स्थापणे हाच गुन्हा ठरण्याची भीती उघड झाली होती. या ठरावातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा निघाला. दरम्यान १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा व खाणींचा कायदाही झाला.

अनुसमर्थनाविना उतरलेली कल्पना

बाळंतिणीच्या रजेचा करारनामाही वॉशिंग्टनचाच. तो भारताने आजतागायत अनुसमर्थित केलेला नाही. यादी पाहणारा अभ्यासक येथे प्रभाव शून्य मांडील. प्रत्यक्षात जोशींनी १९२४ मध्ये या विषयावर खासगी विधेयक आणले व ते केंद्रीय विधिमंडळाने फेटाळले. मग हा विषय मुंबईच्या प्रांतिक विधिमंडळात गेला. तेथील विधेयकाला जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे व म्हणून भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून पूर्णतः मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा या विषयावरील देशातील पहिला कायदा ठरला. अन्य प्रांतांनी त्याचे अनुकरण केले, १९६१ मध्ये केंद्रीय कायदा आला व २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली. मूळ करारनाम्यात ती बारा आठवड्यांची होती.

कल्पना वरून खाली सरळ रेषेत उतरत नाही, ती वाटेत दार शोधते. केंद्रात दार बंद झाले, तेव्हा ते मुंबईत उघडले, आणि तेथे ते उघडणाऱ्यांपैकी कोणीही जिनिव्हाला गेलेला असण्याची गरज नव्हती.

प्रतिनिधी कोणाचा?

१९१९ मध्ये जोशींची निवड सरकारने केली, कामगार संघांना न विचारता. ही बाब अनेकांना खटकली. कामगारांचा प्रतिनिधी सुचविण्यासाठी अखिल भारतीय संस्था हवी, हे ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या जन्माचे एक प्रमुख कारण होते. परिषदेचा भारतीय सार्वजनिक जीवनावरील सर्वांत टिकाऊ परिणाम कदाचित हाच असेल. तो कोणत्याही करारनाम्यात नाही. प्रतिनिधीची खुर्ची आधी निर्माण झाली आणि ती भरण्यासाठी मागाहून संघटना उभी राहिली.

याच खुर्चीवरून संघटना फुटलीही. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, व्हिटले आयोगावर बहिष्कार घालण्याचा व जिनिव्हाशी संबंध तोडण्याचा आग्रह डाव्या गटाने धरला. जोशी स्वतः त्या आयोगाचे सदस्य होते, ते आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. जिनिव्हात मिळते त्या सवलतीने चळवळ बोथट होते, हा डाव्यांचा आक्षेप होता. आक्षेप पोकळ नव्हता. साठ तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर येण्यास भारतीय कामगाराला १९४६ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले.

वेठ, शेतमजूर आणि ठाणे जिल्हा

गिरणी कामगारापर्यंत करारनामा पोहोचला. शेतमजुरापर्यंत काय पोहोचले, हे पाहण्यास ठाणे जिल्ह्याइतके दुसरे योग्य स्थळ नाही.

शेतीकामगारांना उद्योगातील कामगारांइतकाच संघटनेचा अधिकार असावा, असा करारनामा १९२१ मध्ये झाला व भारत सरकारने तो १९२३ मध्ये अनुसमर्थित केला. वेठीच्या श्रमाचे उच्चाटन करण्याविषयीचा करारनामा १९३० मध्ये झाला. तो अनुसमर्थित होण्यास १९५४ साल उजाडले. या दोन तारखांच्या मध्ये ठाण्याच्या जंगलपट्टीत काय चालले होते, हे इतर कागदपत्रांतून कळते. १९३६ च्या आदेशाने डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे अंशतः वगळलेले प्रदेश ठरले होते. मुरबाडचा त्यात समावेश नव्हता. अशा प्रदेशांतील आदिवासींच्या स्थितीवर सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारला १९३९ मध्ये अहवाल सादर केला. जमीनदार, जंगलाचे ठेकेदार आणि सरकारी नोकर यांच्याकडून घेतली जाणारी वेठ त्यामुळे सरकारदफ्तरी नोंदली गेली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबावे, या रूढीला जिल्ह्यात ‘लग्नगडी’ असे नाव होते. रूढीला स्वतःचे नाव असणे, हे ती किती मुरलेली होती याचे द्योतक मानावे लागेल.

शामराव परुळेकर (१९०२-१९६५) येथे महत्त्वाचे ठरतात. भारत सेवक समाजात असलेले परुळेकर १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले, आणि १९३८ मध्ये भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाच्या परिषदेस गेले. जोशींप्रमाणेच तेही दोन्ही सभागृहांत एकाच वेळी होते. परंतु त्यांनी त्यातून काढलेला अर्थ वेगळा होता. त्याच वर्षी मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाला त्यांच्या पक्षाने कडाडून विरोध केला व ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध संप झाला. पुढे परुळेकर कम्युनिस्ट पक्षात गेले. जानेवारी १९४५ मध्ये मुरबाडला लागून असलेल्या कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथून वारल्यांच्या लढ्याला तोंड फुटले आणि मे महिन्यात झरी येथील परिषदेत वेठ न करण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. शामराव व गोदावरी परुळेकर यांना जिल्हाबंदी झाली. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच लढ्याचे कथन आहे.

शेतमजुरांच्या संघटनेचा अधिकार मान्य करणारा करारनामा सरकारने अनुसमर्थित करून तेव्हा बावीस वर्षे उलटली होती. वेठ थांबली ती करारनाम्याने नव्हे, नांगर खाली ठेवल्याने थांबली. जिनिव्हात भारतीय कामगारांच्या नावाने बोलून आलेल्या माणसालाच हे काम डहाणू-उंबरगावच्या पाड्यांवर पायी फिरून करावे लागले, यात राष्ट्रातीत प्रतिनिधित्वाची मर्यादा जितकी दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. तरीही हा अनुभव निव्वळ अपयशाचा मानणे बरोबर नाही. वेठ ही जिल्ह्यातील रूढी नसून जगाने निषिद्ध ठरविलेला प्रकार आहे, हे म्हणण्यासाठी शब्द उपलब्ध झाले होते. १९५० च्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आली, तेव्हा तो शब्द कायद्याच्या भाषेत आला.

स्वातंत्र्यानंतर

स्वतंत्र भारतात करारनाम्याचे अनुसमर्थन हा कार्यकारी मंडळाचा अधिकार आहे, त्यासाठी संसदेच्या मतदानाची आवश्यकता नाही. अनुच्छेद २५३ नुसार संसद आंतरराष्ट्रीय करारांसाठी कायदा करू शकते, पण आधी देशातील कायदा व व्यवहार जुळवून घ्यावा आणि मगच अनुसमर्थन करावे, असा सरकारचा सर्वसाधारण शिरस्ता राहिला. परिणामी अनुसमर्थनाने धोरण बदलते असे म्हणण्यापेक्षा बदललेल्या धोरणावर ते शिक्का उमटविते, असे म्हणणे अधिक योग्य ठरते. आदिवासी लोकसमूहांविषयीचा १९५७ चा करारनामा भारताने १९५८ मध्ये अनुसमर्थित केला. परुळेकर तेव्हा ठाणे मतदारसंघाचे लोकसभा सदस्य होते, पण या निर्णयात सभागृहाचे मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १९८९ चा सुधारित करारनामा भारताने स्वीकारलेला नाही. संघटनास्वातंत्र्य व सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे दोन मूलभूत करारनामेही अनुसमर्थनाविना आहेत. बालकामगारांविषयीचे दोन करारनामे मात्र २०१७ मध्ये अनुसमर्थित झाले.

वेठबिगारीच्या बाबतीत शिक्का आधी उमटला आणि कायदा बावीस वर्षांनी आला. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा १९७६ मध्ये संमत झाला व २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू मानला गेला. त्यापुढचा धक्का न्यायालयाचा होता. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत करवून घेतलेले काम हेही वेठच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड प्रकरणात म्हटले. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभारली व वेठबिगारांच्या मुक्ततेचे अर्ज शासनाच्या दारी नेण्यास प्रारंभ केला. दुसरीकडे जिनिव्हातील तज्ज्ञ समिती भारत सरकारकडे वेठबिगारांच्या गणनेविषयी वारंवार विचारणा करीत राहिली. सरकारला दोन दिशांनी उत्तरे द्यावी लागली, हे या काळाचे वैशिष्ट्य.

परिषदेतील कामगारांची खुर्ची मात्र संघटितांकडेच राहिली. प्रतिनिधी सर्वाधिक प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने नेमावा, असा नियम आहे, आणि आपल्याकडे प्रातिनिधिकता सभासदसंख्येच्या पडताळणीवरून ठरते. दिवाळीनंतर पाड्यातून निघून पावसाच्या तोंडावर परतणारा मुरबाड-शहापूरकडील कातकरी मजूर सहसा कोणत्याच पडताळणीत येत नाही. भिवंडी-कल्याणकडील वीटभट्टीवर तो उचल घेऊन जातो. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने जोडप्याची एकत्र धरली जाते, आणि उचल फिटली की नाही हे मालकाची वही सांगते. सव्वीस आठवड्यांच्या रजेचा कायदा तेथील बाईपर्यंत जाण्याचा मार्गच या हिशेबात नाही, कारण ती नोंदीत स्वतंत्र मजूर म्हणून असत नाही. १९२२ ते १९६१ या काळातील फॅक्टरी, कामगार संघ व प्रसूतीविषयक कायद्यांचे वारसदार असलेले कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहितांत समाविष्ट झाले. १९७६ चा वेठबिगारीचा कायदा त्यांच्या बाहेर, स्वतंत्रच आहे.

त्या कायद्याची यंत्रणा जिल्ह्यापाशी व उपविभागापाशी थांबते. अंमलबजावणी जिल्हादंडाधिकारी व त्यांनी नेमलेले अधिकारी यांच्याकडे आहे. उपविभागाच्या दक्षता समितीत अनुसूचित जाती-जमातींचे तीन स्थानिक रहिवासी व दोन सामाजिक कार्यकर्ते असावे लागतात. कर्ज हे वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याचा भार कलम १५ नुसार धनकोवर आहे, मजुरावर नाही. पुनर्वसनाचे साहाय्य १९७८ च्या योजनेत चार हजार रुपयांपर्यंत होते. २०१६ च्या सुधारित योजनेत ते प्रौढ पुरुषासाठी एक लाख, स्त्रिया व बालकांसाठी दोन लाख आणि अत्यंत गंभीर प्रकरणांत तीन लाख रुपये झाले. त्यासाठी मुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो दाखला देणारा अधिकारी भट्टीवर जाऊन मालकाची वही उघडतो तेव्हाच जिनिव्हाच्या १९३० च्या मजकुराला या तालुक्यांत काही अर्थ प्राप्त होतो.